आवाजाचा जकातनाका : खडकीच्या मनोऱ्यांपासून हिंजवडीच्या सर्व्हरपर्यंत

१/ थ्रेड. साधारण २०१० च्या सुमारास पुण्यातल्या माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांत उद्भवू शकणारी एक तक्रार अशी. टेबलावरच्या फोनवरून बंगळुरूच्या सहकाऱ्याशी बोलणे सुरळीत चालू आहे. पुण्यातल्याच एका ग्राहकाचा मोबाइल त्या संभाषणात जोडायचा प्रयत्न होतो, आणि जोडणी होतच नाही. कानावर पडतो तो केवळ घाईघाईने वाजणारा तुटक टोन.

२/ सर्व्हर सांभाळणारा नवखा अभियंता केबल पाहतो, गेटवे पाहतो, नेटवर्कवरचा ताण पाहतो. सारे ठीक असते. कारण यंत्रात बिघाड नसतोच. तो कॉल कायद्याने अडवलेला असतो, आणि त्या कायद्याची मुळे १८८५ पर्यंत पोहोचतात. आवाजावर जकात कोणी घ्यायची, या जुन्या वादाची ही कहाणी आहे. तिच्या बऱ्याच खुणा पुणे जिल्ह्यातच विखुरलेल्या आहेत.

३/ मराठेशाहीच्या दप्तरांत जकातीसंबंधी दोन शब्द भेटतात : थळभरीत आणि थळमोड. माल जिथे भरला जाई तिथला कर म्हणजे थळभरीत, आणि जिथे तो उतरून विकला जाई तिथला थळमोड. वाटेतल्या चौक्या निराळ्याच. दूरध्वनीचे अर्थशास्त्र याहून फार वेगळे नाही. कॉल जिथून निघतो ते जाळे, वाटेतले लांब पल्ल्याचे जाळे आणि तो जिथे उतरतो ते जाळे, प्रत्येकाचा वाटा ठरलेला असतो. आणि जकात आली की आडवाटही आलीच.

४/ भारतात विजेच्या तारेने निरोप पाठवण्याचा पहिला मोठा उद्योग विल्यम ओशॉनेसी या डॉक्टराने केला. कोलकाता ते डायमंड हार्बर ही प्रायोगिक तार १८५० नंतर उभी राहिली. १८५५ मध्ये तारसेवा सर्वसामान्यांसाठी खुली झाली. दोनच वर्षांनी १८५७ चा उठाव झाला आणि ज्याच्या हाती तार त्याच्या हाती वेळ, हा धडा राज्यकर्त्यांनी कायमचा गिरवला.

५/ त्या धड्याचे कायदेशीर रूप म्हणजे १८८५ चा भारतीय तार अधिनियम. त्याच्या कलम ४ ने तार उभारण्याचा, राखण्याचा आणि चालवण्याचा अनन्य अधिकार सरकारकडे ठेवला. इतर कोणी हे काम करायचे तर सरकारच्या परवान्याने. वाक्य लहान आहे, पण पुढची जवळजवळ एकशेचाळीस वर्षे प्रत्येक खासगी फोनजोडणी, प्रत्येक एक्सचेंज आणि शेवटी प्रत्येक सर्व्हर या वाक्याच्या छायेत चालला.

६/ कायदा तारेचा, मग तो आवाजाला कसा लागू झाला? याचे उत्तर लंडनमध्ये मिळते. १८८० साली ब्रिटिश सरकार विरुद्ध एडिसन टेलिफोन कंपनी या खटल्यात न्यायालयाने ठरवले की कायद्याच्या दृष्टीने टेलिफोन हाही टेलिग्राफच. टेलिफोनचा शोध लागण्याआधी लिहिलेल्या शब्दांत टेलिफोन अलगद बसवला गेला. भारतातही तोच मार्ग अवलंबला गेला. १८८२ साली मुंबईत टेलिफोन एक्सचेंज सुरू झाले ते खासगी कंपनीचे होते, पण सरकारी परवान्याखालचे.

७/ समुद्रापारच्या संदेशांचा नाका वेगळ्याच हातात होता. १८७० मध्ये जॉन पेंडर यांच्या कंपन्यांनी इंग्लंडपासून जिब्राल्टर, माल्टा, सुएझ, एडन अशी पाण्याखालची केबल मुंबईपर्यंत आणली. इंग्लंडचे पत्र बोटीने यायला आठवडे लागत, तिथे तार काही तासांत येऊ लागली. दर चढे होते, कारण दुसरी तितकी भरवशाची वाट नव्हती. ही मक्तेदारी अर्धशतकाहून अधिक काळ टिकली.

८/ तिला धक्का बसला तो पुण्याच्या वेशीवर. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी भारत-ब्रिटन बीम रेडिओ सेवेचे उद्घाटन केले. या प्रसंगी पंचम जॉर्ज यांच्याशी संदेशांची देवाणघेवाण झाली. मार्कोनी कंपनीच्या लघुलहरी तंत्रावर ही सेवा चालत असे. लहरी चहूकडे उधळण्याऐवजी आकाशकांच्या रांगेतून एका अरुंद झोताने नेमक्या दिशेला सोडायच्या, हे त्या तंत्राचे मर्म. प्रक्षेपण केंद्र खडकीला होते आणि ग्रहण केंद्र दौंडला.

९/ दोन केंद्रे इतकी दूर का? आपलाच दणदणीत आवाज आपल्या कानाशी असेल तर दूरवरून येणारी कुजबुज ऐकू येत नाही. हजारो किलोमीटरवरून येणारा क्षीण संकेत टिपणारा संच प्रबळ प्रक्षेपकाजवळ ठेवला, तर तो बधिर होणार. म्हणून बोलणारे तोंड खडकीला आणि ऐकणारा कान दौंडला. आजच्या इंटरनेट फोनमध्ये स्वतःचाच आवाज प्रतिध्वनी होऊन परत येऊ नये यासाठी आज्ञावली लिहिली जाते. मूळ प्रश्न तोच आहे, फक्त १९२७ मध्ये त्याचे उत्तर अंतराने दिले गेले.

१०/ बीम सेवा केबलपेक्षा स्वस्त पडे. समुद्रतळाशी हजारो मैल तांबे अंथरण्याचा खर्चच तिला नव्हता. पाहता पाहता साम्राज्यभर केबल कंपन्यांचे ग्राहक बीमकडे वळू लागले. तोट्याच्या भीतीने केबलवाल्यांनी सरकारचे दार ठोठावले. १९२८ मध्ये लंडनमध्ये साम्राज्याची रेडिओ आणि केबल परिषद भरली. केबलचे जाळे युद्धकाळात लष्करी दृष्ट्या अनमोल, ते बुडू देता येणार नाही, हा युक्तिवाद तिथे निर्णायक ठरला.

११/ निकाल असा लागला की स्पर्धाच संपवण्यात आली. १९२९ मध्ये केबल आणि रेडिओ हे दोन्ही व्यवसाय एकाच कंपनीत विलीन झाले. हीच कंपनी पुढे केबल अँड वायरलेस म्हणून ओळखली गेली. भारतात १९३२ मध्ये इंडियन रेडिओ अँड केबल कम्युनिकेशन्स ही एकत्रित कंपनी आली. आडवाट बुजवली गेली नाही. तिच्या तोंडाशीच नाका बसवला गेला.

१२/ हा नमुना लक्षात ठेवण्याजोगा आहे. आधी नवी, स्वस्त वाट निघते. मग जुन्या वाटेवरचा महसूल आटतो. जुनी वाट राष्ट्रहिताची आहे असे सांगितले जाते, आणि ते सांगणे पूर्णपणे खोटेही नसते. अखेरीस नव्या वाटेवर कायद्याची भिंत उभी राहते. खडकीनंतर ऐंशी वर्षांनी हिंजवडीत याच क्रमाची पुनरावृत्ती झाली.

१३/ १९३३ मध्ये भारत-ब्रिटन रेडिओ-टेलिफोन सेवा सुरू झाली आणि ठिपक्या-रेघांच्या जागी प्रत्यक्ष आवाज समुद्र ओलांडू लागला. १ जानेवारी १९४७ पासून, म्हणजे स्वातंत्र्यापूर्वीच, परदेशी दळणवळण सरकारच्या ताब्यात आले आणि ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस हे खाते जन्मले. मालक बदलला. कलम ४ बदलले नाही.

१४/ देशांतर्गत फोनची अवस्था मागच्या पिढीकडून ऐकलेली असते. ट्रंक कॉल नोंदवायचा आणि वाट पाहायची. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे दर्जे होते. लाइटनिंग कॉल साध्याच्या आठपट महाग. ऑपरेटर वायरी जोडून मार्ग बांधून देई, आणि त्या मार्गावर पैशाचा हिशेबही तोच ठेवी. कोणता आवाज कोणत्या वाटेने गेला हे एका माणसाला दिसत होते. पुढे हे काम यंत्राकडे गेले, तेव्हा हिशेब ठेवण्याची जबाबदारीही यंत्राकडे गेली.

१५/ लघुलहरी लहरी स्वभावाच्या. ऋतू, प्रहर आणि सूर्यावरच्या घडामोडींनुसार त्या बळावतात किंवा विरतात. त्यावरचा उपाय पुन्हा पुणे जिल्ह्यातच उभा राहिला. १९७१ मध्ये जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे भारताचे परदेशी दळणवळणासाठीचे पहिले उपग्रह भूकेंद्र कार्यान्वित झाले. सुमारे ३० मीटर व्यासाची तबकडी हिंदी महासागरावरच्या इन्टेलसॅट उपग्रहाकडे रोखलेली होती. त्याच वर्षाच्या अखेरीस विक्रम साराभाई यांचे निधन झाले, आणि केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले.

१६/ १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली. तिने बनवलेले १२८ जोडण्यांचे ग्रामीण एक्सचेंज १९८६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे बसले. उष्णता आणि धूळ सहन करणारे, वातानुकूलनाविना चालणारे हे एक्सचेंज खेड्यांसाठी होते. त्याच सुमारास ग्राहकाच्या जागेत बसणारी उपकरणे बनवण्यास खासगी उद्योगांना मोकळीक मिळाली, आणि पुण्या-मुंबईच्या कार्यालयांत ‘ईपीएबीएक्स’ हे अक्षरांचे कडबोळे रुळले. १ एप्रिल १९८६ रोजी परदेशी सेवेचे रूपांतर विदेश संचार निगमात झाले.

१७/ १९९० मध्ये सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कची पहिली केंद्रे निघाली ती बंगळुरू, पुणे आणि भुवनेश्वर येथे. तोवर आज्ञावली निर्यात करायची तर ती चुंबकीय फितींवर किंवा माणसांच्या डोक्यात घालून विमानाने पाठवावी लागे. या केंद्रांनी उपग्रहामार्फत थेट जोडणी देऊ केली. वेग होता सेकंदाला ६४ किलोबिट. आज हसू येईल, पण त्या एका जोडणीवर अख्खे कार्यालय परदेशी ग्राहकाचे काम करू शकत होते.

१८/ ६४ हा आकडा योगायोगाने आलेला नाही. मानवी आवाज अंकांत उतरवायचा तर सेकंदाला ८,००० वेळा त्याचे माप घेतात आणि प्रत्येक माप ८ बिटांत लिहितात. गुणाकार ६४,००० होतो. म्हणजे पुण्यातल्या पहिल्या सॉफ्टवेअर कंपन्यांना मिळालेली जोडणी नेमकी एका टेलिफोन संभाषणाएवढ्या रुंदीची होती. एका संभाषणाच्या वाटेवरून माहिती जाऊ शकते, तर माहितीच्या वाटेवरून संभाषण का जाऊ नये? पुढचा सारा संघर्ष या प्रश्नात बीजरूपाने होता.

१९/ १९९० च्या दशकाच्या शेवटी त्याचे उत्तर बाजारात आले. सेल्सियस सिस्टम्स या अमेरिकी कंपनीने टेलिफोन एक्सचेंजचे काम साध्या संगणकावर चालणाऱ्या आज्ञावलीकडे सोपवले. १९९८ मध्ये सिस्कोने ही कंपनी विकत घेतली. ‘कॉलमॅनेजर’ या नावाने रुजलेले ते उत्पादन पुढे ‘युनिफाइड कम्युनिकेशन्स मॅनेजर’ झाले. खोलीभर पसरणारे एक्सचेंज आता कपाटातल्या सर्व्हरमध्ये मावू लागले. फोन, व्हॉइसमेल, व्हिडिओ, चॅट असे सारे एका छताखाली आले.

२०/ हा सर्व्हर करतो काय? प्रत्येक फोन चालू होताच त्याच्याकडे आपली नोंद करतो. आकडा फिरवला की सर्व्हर तो वाचतो, फोनला ती वाट वापरण्याची मुभा आहे का हे पाहतो आणि दोन्ही टोकांची गाठ घालून देतो. त्यानंतर बोलणे बहुधा थेट एका फोनकडून दुसऱ्याकडे वाहते, सर्व्हरमधून नव्हे. लग्न जुळवणारा मध्यस्थ बैठक जमवून बाजूला होतो, तसेच.

२१/ म्हणून अशा व्यवस्थेतल्या दुखण्यांचे निदान करताना पहिला प्रश्न असतो : गाठ पडली नाही, की गाठ पडूनही आवाज येत नाही? घंटी वाजते, फोन उचलला जातो, पण एकालाच ऐकू येते. तर गाठ ठीक, आवाजाची एक दिशा कुठल्यातरी फायरवॉलने अडवलेली. आवाज तुटक येतो. तर पाकिटे अनियमित अंतराने पोहोचत आहेत. बोलणी एकमेकांवर आदळतात. तर विलंब जास्त. एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, हा जागतिक संकेत. भूस्थिर उपग्रहाच्या वाटेवर तो पाव सेकंदाच्या घरात जातो, म्हणून समुद्रतळाच्या केबलला पुन्हा भाव आला.

२२/ मात्र सुरुवातीच्या तक्रारीत यातले काहीच नव्हते. तिचे मूळ पैशाच्या वाटेत होते. समजा, कंपनीने पुणे-बंगळुरू अशी भाड्याची खासगी जोडणी घेतली आहे. पुण्यातून बंगळुरूचा मोबाइल लावायचा. कॉल खासगी जोडणीवरून बंगळुरूला न्यायचा आणि तिथल्या गेटवेतून स्थानिक कॉल म्हणून सार्वजनिक जाळ्यात सोडायचा. सरकारच्या आणि दूरसंचार कंपन्यांच्या दृष्टीने एसटीडीचा नाका चुकला. परदेशातून असे केले तर नुकसान कित्येक पट. यालाच शुल्क चुकवणे म्हणत, आणि परवान्याविना ते करणे म्हणजे थेट कलम ४ ला हात घालणे.

२३/ या बंदीमागे केवळ हाव होती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. लांब पल्ल्याच्या आणि परदेशी कॉलच्या चढ्या दरांतून स्थानिक आणि ग्रामीण फोनचा तोटा भरून निघत असे. दुर्गम गावात खांब रोवून तार नेण्याचा खर्च तिथल्या ग्राहकाच्या बिलातून कधीच वसूल होत नाही. २००३ ते २००८ या काळात तर या तोट्यापोटी कॉलवर वेगळा आकारही होता. पुण्याच्या कंपनीने वाचवलेला पैसा कुठेतरी खेड्यातल्या फोनच्या वाट्याचा होता, हा युक्तिवाद पोकळ नव्हता.

२४/ दुसरे कारण कमी बोलले जाई. १८८५ च्याच कायद्याच्या कलम ५ ने सार्वजनिक आणीबाणीत किंवा सार्वजनिक सुरक्षेसाठी संदेश अडवण्याचा, ऐकण्याचा अधिकार सरकारला दिला होता. १९९६ मध्ये पीयूसीएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कार्यपद्धतीची बंधने घातली, पण अधिकार कायम राहिला. कॉल अधिकृत नाक्यावरून गेला तरच तो ऐकता येतो. खासगी जाळ्यात शिरून दुसऱ्याच शहरात बाहेर पडणारा आवाज नाकेदाराला दिसतच नाही.

२५/ १९९९ च्या दूरसंचार धोरणाने कॉल सेंटर आणि तत्सम सेवांसाठी ‘इतर सेवा पुरवठादार’ हा वर्ग निर्माण केला. १ एप्रिल २००२ रोजी परदेशी कॉलवरची विदेश संचार निगमची मक्तेदारी संपली आणि मर्यादित स्वरूपात इंटरनेट टेलिफोनीही खुली झाली. पण इंटरनेटवरून देशातल्या साध्या फोनवर उतरण्यास तेव्हा मज्जाव होता. ऑगस्ट २००८ च्या अटींनी नोंदणी, स्वतंत्र जाळी आणि बँक हमी यांची चौकट पक्की केली. देशी ग्राहकांची सेवा एका बाजूला, परदेशी ग्राहकांची दुसऱ्या.

२६/ हिंजवडी, खराडी, मगरपट्टा येथील कार्यालयांत याचे दृश्य रूप विलक्षण होते. अनेक ठिकाणी एकाच टेबलावर दोन फोन असत. एक कंपनीच्या अंतर्गत जाळ्याचा, दुसरा शहराच्या सार्वजनिक लाइनचा. दोन एक्सचेंज, दोन देखभाल करार, दोन बिले. तंत्रज्ञान ‘युनिफाइड’ म्हणजे एकसंध झाले होते, कायदा मात्र विभाजन मागत होता. सोय कोणाचीच नव्हती, पण नियम पाळला जात होता.

२७/ २००९ मध्ये सिस्कोच्या या सर्व्हरच्या ७.१ आवृत्तीत ‘लॉजिकल पार्टिशनिंग’ ही सोय आली. तिच्या माहितीपत्रकांत भारताच्या दूरसंचार नियमांचा दाखला ठळकपणे दिला जाई. आता एकाच सर्व्हरमध्ये आज्ञावलीची भिंत बांधता येऊ लागली. प्रत्येक उपकरणाला देश, राज्य, शहर असा पत्ता द्यायचा. इंटरनेट फोन हे ‘आतले’ घटक, सार्वजनिक जाळ्याला जोडणारे गेटवे हे ‘सीमेवरचे’. मग कोणत्या शहराच्या आतल्या घटकाने कोणत्या शहराच्या सीमेशी बोलावे, याची परवानगी किंवा मनाई लिहायची.

२८/ आता पहिल्या पोस्टमधले कोडे सुटते. पुणे आणि बंगळुरूचे दोन फोन हे दोन्ही आतले घटक, म्हणून त्यांचे बोलणे निर्वेध. पुण्याचा फोन पुण्याच्या गेटवेवरून मोबाइल लावतो, तेही वैध. पण तिघांना एकत्र आणताच बंगळुरूचा फोन पुण्याच्या सार्वजनिक जाळ्याशी खासगी वाटेने जोडला जातो. सर्व्हर पत्ते ताडून पाहतो, मनाई वाचतो आणि जोडणी नाकारतो. कायद्यात बसणारी वाट म्हणजे बंगळुरूच्या सहकाऱ्याने बंगळुरूच्याच सार्वजनिक लाइनवरून, लांब पल्ल्याचे शुल्क भरून, त्या संभाषणात यावे.

२९/ या भिंतीचे बिघाडही दोन जातींचे होते. पत्ता चुकीचा लिहिला तर कायदेशीर कॉल अडे, वापरणारा ओरडे आणि दुरुस्ती होई. हा बोलका बिघाड. पण फोनला पत्ता द्यायचाच राहिला, तर सर्व्हर तपासणीच करीत नसे. कॉल सुंदर लागे, कोणीही तक्रार करीत नसे आणि कंपनी नकळत कायदा मोडत राही. हा मुका बिघाड. पहिल्याने गैरसोय होई, दुसऱ्याने परवाना धोक्यात येई. एरवी ‘कॉल लागतो ना?’ हा कामाचा निकष असतो. इथे न लागणारा कॉलही तपासून पाहावा लागे.

३०/ आर्वीच्या आसपासचा परिसर ज्यांनी पाहिला आहे त्यांना खोडदची महाकाय दुर्बीण ठाऊक असेल. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या तिथे विश्वातली क्षीण कुजबुज ऐकतात. एकाच तालुक्यात आकाशाकडे लावलेले हे दोन कान. विश्वातून येणाऱ्या लहरींवर जकात नाही. माणसाने माणसाशी बोलण्यावर मात्र होती, आणि ती हिशेबातून चुकू नये म्हणून वर्षानुवर्षे कुशल माणसे सर्व्हरमध्ये भिंती बांधत होती.

३१/ भिंतीला तडा गेला तो महामारीने. ९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातले पहिले कोरोना रुग्ण पुण्यात आढळले. चारच दिवसांनी, १३ मार्चला, दूरसंचार विभागाने घरून काम करण्याच्या अटी शिथिल केल्या. तोवर कॉल सेंटरच्या कर्मचाऱ्याला घरून कॉल घेऊ द्यायचा तर पूर्वनिश्चित ठिकाण, अधिकृत पुरवठादाराचे खासगी जाळे आणि एक कोटी रुपयांची हमी लागे. ज्या सवलतीसाठी वर्षानुवर्षे अर्जविनंत्या चालल्या होत्या, ती एका परिपत्रकाने मिळाली.

३२/ तात्पुरती सवलत कायमची झाली. ५ नोव्हेंबर २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नोंदणी आणि बँक हमी रद्द केली. २३ जून २०२१ रोजी देशी आणि आंतरराष्ट्रीय केंद्रांमधला भेदही संपवण्यात आला. आता एकच एक्सचेंज दोन्ही प्रकारच्या ग्राहकांना सेवा देऊ शकत होते, आणि ते जगात कुठेही असू शकत होते. शुल्क चुकवण्याची मनाई तेवढी उरली. पण मोबाइलवर देशभर बोलणे जवळपास फुकट झाल्यावर चुकवण्याजोगे शुल्क देशात कितीसे राहिले होते?

३३/ हाच या इतिहासातला कळीचा मुद्दा आहे. भिंत तत्त्वचर्चेने पडली नाही. जिच्यासाठी ती बांधली होती ती जकातच आटली, आणि मग तिची डागडुजी करण्यात कोणाला रस उरला नाही. मधल्या काळात १५ जुलै २०१३ पासून तारसेवाही इतिहासजमा झाली होती. तार संपली, तरी तारेचा कायदा आणखी दहा वर्षे टेबलावरच्या फोनवर राज्य करीत होता.

३४/ डिसेंबर २०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदा संमत झाला. २६ जून २०२४ पासून तो टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागला. शब्द बदलले, रचना आधुनिक झाली. सेवेला अधिकृतता देण्याचा आणि विशिष्ट परिस्थितीत संदेश अडवण्याचा अधिकार मात्र केंद्र सरकारकडेच आहे. १८५७ नंतर गिरवलेला धडा राज्यसंस्था सहजासहजी विसरत नाही, मग राज्य कोणाचेही असो.

३५/ खडकी-दौंडची बीम सेवा इतिहासजमा झाली. पुण्याच्या दिघी परिसरातील विदेश संचारची मोठी जमीन खासगीकरणानंतर ‘अतिरिक्त’ ठरून वेगळ्या सरकारी कंपनीकडे गेली. किल्ल्यांचे बुरुज पाहणाऱ्याला जकातीच्या चौक्या सहसा दिसत नाहीत, कारण त्या दगडाच्या नसून हिशेबाच्या होत्या. आवाजाच्या चौक्या तर त्याहून अदृश्य. त्यांची चिन्हे शोधायची तर परवान्यांच्या अटी, दरपत्रके आणि सर्व्हरमधल्या मनाईच्या ओळी वाचाव्या लागतात. विसाव्या आणि एकविसाव्या शतकाची दप्तरे तीच आहेत.